दोन बोटं सैल

माझ्या भावाला हाताने टाका घालता येत नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं त्याने, भले भले लोक कोटाच्या मापासाठी त्याच्यासमोर हात पसरून उभे राहिले, पण शर्टाचं एक बटण लावायचं म्हटलं की गडी बोटात सुई टोचून घ्यायचा आणि मला हाक मारायचा. कापणं त्याचं, मशीन त्याचं. काज, बटण, हातशिलाई, उसवणं, सगळं माझं. त्याला सगळे मास्तर म्हणत. मला कुणी काहीच म्हणत नसे. मी मागच्या बाकावर, खिडकीच्या उजेडात बसायची.

मी लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला मी तेव्हाही फाडून खात असे, आताही खाईन. भावाने मला घरात ठेवून घेतलं. आपण बहिणीवर उपकार केले असं त्याला वाटायचं आणि ह्याला काज करायला फुकटचं माणूस मिळालं असं मला वाटायचं. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण कधी मिटलं नाही.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मध्ये लांब टेबल, त्याखाली चिंध्यांची पोती, भिंतीला खुंट्यांवर बाही नसलेले, कॉलर नसलेले अर्धवट कोट. कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा आरसा. त्या आरशासमोर माझा भाऊ राजा असायचा. गिऱ्हाइकाला उभं कर, बसव, वाकव, हात वर करायला लाव, आणि प्रत्येक वेळी तेच विचार: "टोचतंय? ओढतंय? कुठे धरतंय?" कपडा अंगावर आहे हे अंगाला कळता कामा नये, हे त्याचं ब्रीद. दारातून माणूस आत आला की ह्याची नजर आधी त्याच्या खोडीवर जायची. एक खांदा उतरलेला, पाठीला बाक आलेला, पोट सुटलेलं. एका कुबड असलेल्या कारकुनाला त्याने असा कोट शिवून दिला होता की तो माणूस आरशासमोरून हलेना. पाठ फिरवून फिरवून बघत राहिला. ती गोष्ट भावाने मला निदान दोनशे वेळा सांगितली असेल. भाव खाण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याची मुलगी उशिरा झालेली, एकुलती एक. तिला आम्ही बारकी म्हणायचो. माझी वहिनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला सकाळी सातला बाहेर पडायची, त्यामुळे बारकी लहानाची मोठी झाली ती ह्या टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्यांवर. सातव्या वर्षी तिला मी धावदोरा शिकवला, नवव्या वर्षी काज. बापाला जे येत नव्हतं ते तिला येऊ लागलं, ह्याचा मला केवढा आनंद झाला होता.

ती अकरा वर्षांची असताना भावाच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि शिंप्याशिवाय ती कुणाच्या लक्षात आलीही नसती. तिचा फ्रॉक मागे नीट बसायचा आणि पुढून दोन बोटं वर जायचा. त्याला वाटलं, आपलं कापणं चुकलं. दुसरा फ्रॉक कापला, तोही वर. मग त्याने टेप लावला. छातीच्या मधलं हाड पुढे येत होतं. मध्येच उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार.

शहाण्या माणसाने बायकोला सांगितलं असतं. ह्याने पुढचा भाग दोन बोटं लांब कापला. सहा महिन्यांनी तीन बोटं. मग गळ्याखाली चुण्या आल्या, मग रुंद कॉलर आली, मग दोन्ही बाजूंना झाकणवाले खिसे आणि खिशांच्या आत थोडा कापूस, म्हणजे उतार भरून निघावा. बारकीला आरशासमोर उभं करून तो मला विचारायचा, "दिसतंय का काही?"

"नाही."

"बाजूने बघ."

"बाजूनेही नाही रे. काय दिसायचंय पण?" मी विचारायची आणि तो कात्री उचलायचा.

दीड वर्ष कुणाला दिसलं नाही. वहिनीलाही नाही, कारण पोर आपली आपण आंघोळ करायची आणि आई घरी यायची तेव्हा ती बापाने शिवलेल्या कपड्यांत असायची. शेवटी शाळेत खेळाच्या तासाला मुली कपडे बदलत होत्या तेव्हा दिसलं. बारकी घरी आली आणि तिने मला विचारलं, "आत्या, मी कबुतरासारखी आहे का गं?"

संध्याकाळी वहिनीने तिची बटणं सोडून बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग त्या दिवशीच्या फ्रॉकच्या खिशातला कापूस बोटांनी बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. वहिनीला आरडाओरडा करता येत नसे. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं." दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि आम्ही चौघं इस्पितळात गेलो.

तिथल्या डॉक्टरीण बाई बऱ्या होत्या. घाई नव्हती त्यांना. त्यांनी बारकीच्या छातीवर तळवा ठेवून हळूच रेटा दिला आणि हाड हाताखाली थोडंसं आत गेलं. "हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "अजून लवचीक आहे." बरगड्या छातीच्या हाडाला जिथे जोडलेल्या असतात तिथलं मऊ हाड गरजेपेक्षा जास्त वाढतं आणि मधल्या हाडाला पुढे ढकलतं, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. काळीज, फुप्फुसं, पाठीचा कणा, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं.

"मग काही केलंच नाही तर?" भावाने लगेच विचारलं.

"तर काही होणार नाही. जगेल, धावेल, सगळं करेल. पुष्कळ लोक तसेच राहतात आणि मजेत राहतात. पण वाढ संपेपर्यंत हे आणखी पुढे येऊ शकतं. आणि मजेत राहायचं की नाही ते तिने ठरवायचं, आपण नाही."

व्यायामाने पाठ सरळ राहील, खांदे उघडतील, पण हाड मागे जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन आत्ता नाही. आत्ता पट्टा. पुढून छातीवर एक गादी, मागून पाठीवर एक, दोन्ही बाजूंनी बंद, आणि दिवसातले वीस तास ते अंगावर. वर्ष, कदाचित दीड वर्ष. दर दीड-दोन महिन्यांनी यायचं, थोडं थोडं घट्ट करून घ्यायचं. वाढीच्या वयात हाड ऐकतं, नंतर ऐकत नाही. मग एकच रस्ता उरतो, सुरीचा.

बारकीने विचारलं, "दुखेल?"

"दुखेल. पहिले काही आठवडे चांगलंच दुखेल. कातडी लाल होईल. फुटली तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. नाही फुटली तर सोसायचं. जमेल?"

बारकी म्हणाली, "जमेल." साडेबारा वर्षांची पोर.

पट्टे तळमजल्यावर बनत. प्लास्टरच्या धुळीने पांढरी झालेली खोली, भिंतीवर टांगलेले पाय, कंबरा, मानेच्या पट्ट्या. तिथला कारागीर म्हणजे दंडावर कात्रीचे व्रण असलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने बारकीच्या अंगावर पट्टा चढवला, बाजूचा बंद बक्कलातून ओढला आणि बंदावर पेनने खूण केली. पोरीचा श्वास अडकलेला आम्हाला दिसला. भावाच्याने राहवेना. त्याने आपल्या खिशातला टेप काढला.

"एवढं घट्ट? बगलेत धरतंय बघा. पाठीवर वळ उठेल. मी तीस वर्षं मापं घेतोय."

कारागीर टेपाकडे बघून हसला. "मास्तर, तुम्ही अंगाला कपडा बसवता. आम्ही पट्ट्याला अंग बसवतो. इथे नाही टोचलं, तर काम होत नाही म्हणायचं."

भाऊ तोंडात मारल्यासारखा बाहेर आला. त्या माणसाचं बोलणं त्याला समजलं नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. चांगलं समजलं होतं.

पहिला आठवडा वाईट गेला. बारकी शाळेतून यायची आणि दुकानात स्टुलावर ताठ बसून अभ्यास करायची. मध्येच लेखणी ठेवून टेबलाची कड धरायची. छातीवर तळव्याएवढा लाल डाग उठला होता. कातडी फुटली नव्हती, मी रोज बघत होते. ती रडायची, पण पट्टा काढ असं एकदाही म्हणाली नाही. ती टेबलाची कड धरायची तेव्हा भावाचं मशीन थांबायचं. ती सोडायची तेव्हा चालू व्हायचं. त्या आठवड्यात त्याने एका कोटाच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या.

रविवारी वहिनी बाजारात गेली आणि बारकी केस धुवायला गेली. चार तासांची मोकळीक त्यातच भागायची. भावाने पट्टा टेबलावर पालथा घातला, चष्मा लावला आणि बोटाने शिवण चाचपली. मग पिशव्यांच्या बंदांच्या डब्यातून त्याच रंगाची, त्याच रुंदीची पट्टी काढली आणि दोन बोटं कापली.

"उसव," तो म्हणाला.

बाजूचा बंद पाठीच्या गादीला जिथे शिवलेला होता तिथे गादीच्या कव्हराआड हा तुकडा घालायचा होता. म्हणजे बंदावरची पेनाची खूण बरोब्बर बक्कलाशी येईल आणि पट्टा दोन बोटं सैल राहील. त्याचं डोकं असल्या बाबतीत फार चालायचं.

"डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या ते कानांवरून गेलं का तुझ्या?"

"त्यांची पोर आहे का ही? दोनच बोटं. पोरीला सवय तर होऊ दे. मग हळूहळू घट्ट करू."

"मी नाही शिवणार."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला पोर नाही," तो म्हणाला. "तुला नाही कळायचं."

आता वाटतं, तेव्हा मी कात्री फेकून मारायला हवी होती. तोंड तर मला जन्मजात आहे, गल्लीतल्या कुणाला मी ऐकून घेतलं नाही. पण ते लागलं. मलाही काळीज आहे, हे त्याला दाखवायला मी सुई ओवली. कव्हर उसवलं, तुकडा आत घातला, दुहेरी दोऱ्याने पक्का केला आणि वरून कव्हर असं बंद केलं की कुणाच्या बापाला कळू नये. दर सातवा टाका मी दुहेरी घालते, लहानपणापासूनची सवय आहे. तसाच घातला.

बारकी ओल्या केसांनी आली, पट्टा चढवला, खुणेपर्यंत ओढला. थांबली. एक लांब श्वास घेतला.

"आत्या, आज टोचत नाही गं!"

"बसला अंगाला," भाऊ म्हणाला. "नवा कपडा असाच असतो. दोन दिवस धरतो, मग अंगवळणी पडतो." त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. मीही जेवले.

हळूहळू घट्ट करायचं राहूनच गेलं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मी तुकडा काढून बंद पूर्ववत शिवायची. तिकडे कारागीर आणखी थोडं घट्ट करून नवी खूण करायचा. तीन-चार दिवस पोर तळमळायची आणि पुढच्या रविवारी तिने केस धुवायला पाठ फिरवली की तुकडा पुन्हा आत. ती कधीतरी म्हणायची, "इस्पितळात जायचं असलं की पट्टा जास्तच घट्ट वाटतो." भाऊ म्हणायचा, "भीतीने वाटतं." दरवेळी पुढच्या खेपेला काढू असं ठरायचं. पुढची खेप आली की पोर टेबलाची कड धरायची आणि आमचं ठरलेलं मोडायचं.

आणि ती तो पट्टा घालायची हो. ते सांगायलाच हवं. उन्हाळ्यात पाठ घामोळ्यांनी भरली तरी घालायची. वर्गात मुलींनी बोटाने टकटक करून बघितलं तरी घालायची. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर रोजचे तास लिहायची: वीस, वीस, एकोणीस, एकवीस. ज्या दिवशी ताप होता त्या दिवशी सोळा लिहून कंसात ताप असं लिहिलं होतं.

छाती तसूभर हलली नाही. डॉक्टरीण बाईंनी सहा महिन्यांनी मापलं, कपाळाला आठी घातली. वर्षाने मापलं. सव्वा वर्षाने मापलं तेव्हा त्यांनी माप खाली ठेवलं आणि बारकीला समोर बसवलं.

"खरं सांग. मी रागावणार नाही. घालतेस का?"

"घालते. वीस तास." तिने वही पुढे केली.

बाईंनी पानं चाळली. फार मऊ आवाजात बोलल्या, तेच जास्त वाईट होतं. "बाळ, तुझं हाड अजून लवचीक आहे. पट्टा अंगावर असता तर थोडा तरी फरक दिसला असता. लिहायला काय, काहीही लिहिता येतं."

बारकीने आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, सांगा ना. आत्या, तू तर घरीच असतेस. सांग ना."

भाऊ म्हणाला, "घालते ती." आणि खिशातला टेप गुंडाळायला लागला.

मी म्हटलं, "घालते." भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र होतं. त्यातली सगळी बोटं मी मोजली.

आम्ही दोघंही खरंच बोललो होतो. आणखी एक वाक्य बोलायचं होतं, ते दोघांपैकी एकाच्याही तोंडातून निघालं नाही. बाहेर आल्यावर वहिनीने बारकीला थोबाडीत मारली. त्याआधी कधी तिने पोरीवर हात उगारला नव्हता. "मी रजा टाकून टाकून कारखान्यात बोलणी खाते," ती म्हणाली, "आणि तू मला फसवतेस?" बारकी रडली नाही. ती वही दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती.

आणखी तीन महिने बघू, असं बाई म्हणाल्या होत्या. कारागिराने पुन्हा घट्ट केलं. आणि रविवारी भावाने तो तुकडा पुन्हा माझ्यापुढे ठेवला. हो, त्यानंतरही. "आता एकदम घट्ट केलं आणि फरक दिसला, तर आपलं बिंग फुटेल," असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर ते होतं. तो म्हणाला, "आता काय उपयोग? उगाच पोरीला छळायचं." मी शिवलं. ती दहावी वेळ.

त्या दिवसापासून वहिनी रोज कामावरून आली की पोरीच्या कपड्यावरून हात फिरवून पट्टा आहे का बघायची. तीन आठवडे बारकीने ते सहन केलं. मग एका दुपारी तिने पट्टा काढला, स्टूल लावून माळ्यावर फेकला आणि खाली उतरली. "खोटारडी तर खोटारडी," ती म्हणाली. चौदावं सरत आलं होतं. ती पुन्हा इस्पितळात गेली नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत वाढ संपली.

भावाने तिचे कपडे शिवणं सोडलं नाही. चुण्या, कॉलर, खिसे. ती घालायची. शिकली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. तिथला कोट तेवढा दुकानाचा असायचा, तोही भावाने उसवायला लावून दोनदा नव्याने शिवला. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारात पोरीने तिचं सगळं केलं. एकदा वहिनी मला म्हणाली, "एवढी गुणाची पोर, पण त्या एका बाबतीत का खोटं वागली असेल?" मी तिची उशी सारखी केली.

गेल्या वर्षी, तेविसाव्या वर्षी, बारकी आपली आपण इस्पितळात गेली. आम्हाला सांगितलं नाही. आता तिथे तरुण डॉक्टर होता. हाड आता पक्कं झालेलं आहे, पट्ट्याचा उपयोग नाही, हवं असेल तर ऑपरेशन करता येईल, सक्ती काही नाही, असं तो म्हणाला. बगलेजवळून छोट्या चिरा देऊन आत धातूची पट्टी बसवतात, ते छाती लवचीक असलेल्यांना. तिच्यासाठी उघडं ऑपरेशन: मध्ये चीर द्यायची, वाढलेली मऊ हाडं काढायची, मधलं हाड सरळ करून बसवायचं. व्रण राहील. मग त्याने जुने कागद चाळले आणि सहज म्हणाला, "तेव्हा पट्टा नियमित घातलेला दिसत नाही."

ती भर दुपारी दुकानात आली ती तशीच. स्टूल लावलं, माळ्यावर चढली, धुळीने माखलेला पट्टा घेऊन उतरली आणि आरशासमोर शर्टावरूनच चढवला. मला वाटतं तिला फक्त तो पुन्हा अंगावर घालून बघायचा होता. आपण हा सोसला, हे स्वतःला तरी सांगायचं होतं. बंद ओढला, बक्कल शेवटच्या खुणेवर आणलं.

पट्टा अंगाला कुठेच दाबत नव्हता.

तिने पट्ट्याच्या आत हात घातला. दोन बोटं सहज गेली. "मी तेव्हा चौदाची होते," ती आरशाला म्हणाली. "आता तेविसाची आहे." भावाची कात्री थांबली. ती माझ्या बाकाशी आली, माझ्या डब्यातली उसवायची सुई घेतली, माझ्याशेजारीच बसली आणि गादीचं कव्हर उसवायला लागली. काम मीच शिकवलेलं, झरझर उसवलं तिने. आतला तुकडा काढून टेबलावर सरळ केला.

भाऊ म्हणाला, "मी केलं ते. तुला दुखत होतं म्हणून."

तिने मान वर केली नाही. "बाबा, तुम्हाला बटण लावता येत नाही." तिचं नख कव्हरच्या न उसवलेल्या टाक्यांवरून सरकत होतं. एक, दोन, सातवा दुहेरी. आणखी सात. पुन्हा दुहेरी.

"किती वेळा?" तिने मला विचारलं.

"दहा."

"आईने मारलं त्याच्या आधी की नंतर?"

"आधी नऊ. नंतर एक."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे आई तेच मनात धरून गेली."

भाऊ टेबलाला धरून उभा होता. त्याने "अगं, बाळा" एवढं म्हटलं. मला वाटलं ती किंचाळेल, पट्टा आरशावर फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं. तिने सुई माझ्या डब्यात जागेवर ठेवली आणि आत जाऊन तोंड धुतलं.

ऑपरेशन तिने करून घेतलं. इस्पितळात तिच्यासोबत चष्म्याच्या दुकानातली मैत्रीण राहिली, आम्हाला येऊ दिलं नाही. घरी मात्र आली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. सहा आठवडे हात वर करायचे नव्हते, काही उचलायचं नव्हतं. भावाने तोवर तिच्यासाठी पुढून उघडणारे चार शर्ट शिवून ठेवले होते. सगळ्यात तलम सुती कापड, शिवणी उलट्या, बाहेरच्या बाजूला, म्हणजे जखमेला दोराही लागू नये. चुण्या नव्हत्या, खिसे नव्हते. सरळ समोरचा भाग, पुढून आणि मागून सारख्या लांबीचा. आयुष्यात त्याने त्याहून चांगलं काम केलं नाही, आणि मी हे त्याच्यावर चिडून असताना सांगतेय. तिने ते पुडकं उघडलं नाही. मैत्रिणीकडून बाजारातले तीन रेडिमेड शर्ट मागवले. कॉलर वाकडी, दोरे लोंबणारे, डावा खांदा एक बोट उतरलेला. भावाने पहिल्या दिवशी तो खांदा बघितला. त्याचा हात खिशातल्या खडूकडे गेला आणि रिकामा परत आला. तेव्हापासून तो तिच्या खोलीच्या दारापर्यंत जातो आणि फिरतो.

बटणं लावायला मात्र तिला मी लागते. सकाळी तिची मैत्रीण नसते. ती कॉटच्या कडेला बसते, मी खालून वर एकेक बटण लावत जाते. काल मलमपट्टी सुटली होती. छाती सपाट होती, मधोमध एक लालसर रेघ आणि दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. मी बघायचं टाळत होते.

"बघ की," ती म्हणाली. "तुझ्या धंद्यातलं आहे."

मी बघितलं.

"तुझी शिलाई ह्याहून बारीक होती, आत्या. दहा वेळा केलीस, कुणाला दिसली नाही."

माझी बोटं वरच्या बटणाशी होती. ते सैल होतं, रेडिमेडचं असतंच. मी म्हटलं, "हे निघेल आज-उद्या. काढून ठेव, पक्कं करून देते."

"नको," ती म्हणाली. "हात वर झाले की माझं मी लावीन. मला येतं."